चिखलदऱ्याच्या पायऱ्या

आम्ही चिखलदऱ्यास आजवर किती वेळां गेलों असूं, याचा हिशेब आमच्यापाशीं नाहीं. आणि वऱ्हाडचें ऊन ज्यानें सोसलें आहे तो हा हिशेब आम्हांस विचारणारहि नाहीं. वैशाखांत आमच्याकडे घरांच्या भिंतीसुद्धां दिवसभर तापून रात्रभर उसासे टाकीत असतात. अशा वेळीं परतवाड्याहून घाट चढूं लागावें, दोनचार वळणें मागें पडल्यावर वाऱ्याचा स्पर्श निराळा वाटूं लागावा, आणि सुमारें ११०० मीटरांच्या उंचीवर पोंचतांच आपण मेळघाटांत आलों याची खूण मनाला पटावी, हें सुख आम्हीं लहानपणापासून अनेकदां भोगलें आहे. तेथें गेल्यावर काय करावयाचें, हेंहि ठरलेलें असतें. पंचबोलावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडावयाचें, भीमकुंडाच्या कांठावर उभें राहून मुलांचे हात घट्ट धरावयाचे, देवी पॉइंटवर नारळ वाढवावयाचा, गाविलगडाच्या दरवाजापाशीं शिदोरी सोडावयाची, आणि परततांना कॉफीची पुडी विकत घ्यावयाची. घरीं आल्यावर आम्हीं 'सगळें पाहिलें' असें सांगत असूं.

चिखलदऱ्याचा शोध १८२३ सालीं हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन यांनीं लावला, असें पुस्तकांतून लिहिलेलें आढळतें. गवळी आणि कोरकू लोक त्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या तेथें राहत होते, तेव्हां कोणाला कशाचा शोध लागला, हा प्रश्न उरतोच. तरीहि त्या साहेबानें आपल्यापुरतें कांहीं तरी शोधलें. आम्ही इतक्या वेळां गेलों, त्यांत आम्हीं काय शोधलें, असा प्रश्न कोणीं केला असता, तर आम्हांस खालीं पाहावें लागलें असतें.

आम्हांस प्रथम तेथें नेलें तें आमच्या काकांनीं. काका शेतकरी, शाळा त्यांनीं थोडीच पाहिली होती, पण महाभारत त्यांच्या जिव्हाग्रीं असे. विराटाच्या नगरींत अज्ञातवासांत असलेल्या द्रौपदीवर कीचकाची पापदृष्टि कशी गेली, भीमानें त्याचा वध करून प्रेत या दरींत कसें भिरकावून दिलें, मग कुंडांत हात कसे धुतले, आणि कीचकदऱ्याचा पुढें चिखलदरा कसा झाला, हें ते कांठावर उभे राहून अशा रीतीनें सांगत कीं, आम्हां मुलांना खालच्या धुक्यांत कीचकाचे हातपाय दिसूं लागत. "एवढा खड्डा माणसाच्या हातून होईल काय? भीमच पाहिजे!" हें त्यांचें शेवटचें वाक्य. आम्हांस तें पूर्णपणें पटे.

याच काकांच्या विहिरीची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमचें मूळ गांव दर्यापूर तालुक्यांत, पूर्णेच्या खोऱ्यांतल्या खारपाणपट्ट्यांत आहे. हा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जमीन पाहावी तर काळीभोर. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण अशाच जमिनीवरून पडली असावी. परंतु जमिनीखालचें पाणी खारें. त्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं. प्यावयाचें पाणी दुरून बैलगाडीवर पिंपांतून आणावें लागे, आणि पाहुणा आला म्हणजे चहापेक्षां पाण्याचा पेला हा मोठा पाहुणचार समजला जाई. गांवच्या जुन्या विहिरीला कंटाळून काकांनीं शेतांत नवी विहीर खोदावयाचें मनांत घेतलें. पाणाड्यानें जागा दाखविली. कर्ज काढलें. पाणी लवकर लागलें, पण खारें. कोणी म्हणालें, "वरचें पाणी खारें असतें, खोल जा, गोडें लागेल." काका आणखी चार परस खोल गेले. पाणी वाढलें, खारटपणा मात्र हटला नाहीं. त्या पाण्यावर त्यांनीं एक वर्ष कपाशी भिजविली, तेव्हां जमिनीवर पांढरी साय धरली. कर्ज फेडण्यासाठीं त्या शेताचा एक तुकडा विकावा लागला. काकांनीं कोणाला दोष दिला नाहीं. "आपल्या नशिबांतच मीठ आहे," एवढें म्हणून त्यांनीं तो विषय संपविला, आणि पुढच्या वर्षीं आम्हां मुलांना घेऊन ते नेहमींप्रमाणें चिखलदऱ्यास गेले.

काका जाऊन आज बरींच वर्षें झालीं. मध्यंतरीं एका हिवाळ्यांत आम्ही गाविलगडाच्या वाटेवर विसावलों असतां एका महाविद्यालयाची मुलें हातांत हातोडे घेऊन तेथें आलीं. त्यांच्याबरोबर भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक होते. एका मुलानें गडाखालच्या कड्यावर हातोडा उगारतांच ते म्हणाले, "पडलेला दगड फोडा, उभा दगड नुसता पाहा." मग समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून त्यांनीं विचारलें, "याला पायऱ्या किती, मोजा पाहूं!" मुलें मोजूं लागलीं. आम्हीहि मोजूं लागलों, आणि मोजतां मोजतां आम्हांस मोठी लाज वाटली. उभा काळा कडा, मग उतरती हिरवी पट्टी, पुन्हां कडा, पुन्हां पट्टी, अशा त्या पायऱ्या डोंगराच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत रूळ लावून आंखल्याप्रमाणें स्पष्ट दिसत होत्या. चाळीसपन्नास वर्षें तो डोंगर आमच्या डोळ्यांपुढें होता, आणि त्याला पायऱ्या आहेत हें आम्हांस ठाऊक नव्हतें!

या पायऱ्यांवरूनच या खडकाला 'ट्रॅप' हें नांव मिळालें आहे. मूळ शब्द स्वीडिश भाषेंतला असून त्याचा अर्थ जिना. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला भेगा पडून त्यांतून वितळलेल्या खडकाचा रस बाहेर पडला. आपल्या चित्रांतल्या ज्वालामुखीप्रमाणें तो शंकूच्या टोंकांतून उसळला नाहीं. उतू गेलेलें दूध चुलीवर पसरावें तसा तो भुईवर पसरला आणि थिजला. कांहीं काळानें त्यावर दुसरा लोंढा आला, मग तिसरा. एवढें करूनहि आज या थरांनीं सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. प्रत्येक लोंढ्याचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. त्याचा कडा झाला. वरचा भाग वाफेच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र व पोकळ राहिला. तो लवकर झिजून त्याची उतरती पट्टी झाली, तिच्यावर माती धरली आणि मातीवर साग उगवला. त्या बुडबुड्यांच्या पोकळींत पुढें पाण्याबरोबर आलेलीं खनिजें जमून गारगोट्या, अकीक आणि पांढरे स्फटिक तयार झाले. मुलें वाटेवर वेंचतात ते 'चमकणारे खडे' ते हेच. कोठें कोठें दोन थरांच्या मध्यें तांबड्या मातीची एक बारीक रेघ दिसते. एक लोंढा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत ऊनपावसानें खडक कुजून जी माती झाली, तिचा हा अवशेष. वरून पुढचा लोंढा आला आणि ती विटेप्रमाणें भाजून निघाली.

अशा विसाव्याच्या काळांत केवळ मातीच होत नसे. तळीं सांचत, झाडें वाढत, शिंपले निपजत. नागपुराजवळ टाकळी येथें अशा थरांतलीं वनस्पतींचीं व जीवांचीं अश्मरूपें गेल्याच्या मागच्या शतकांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं गोळा केलीं. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. पण तें नांव ज्याचें, तो मिशनरी दगडांचा एवढा मोठा जाणकार होता, हें थोड्यांनाच माहीत असतें. आणि याहि पूर्वींचें जग पाहावयाचें असेल, तर गाविलगडच्याच डोंगररांगेच्या पायथ्याला मोर्शी तालुक्यांत साळबर्डीस जावें. तेथें महादेवाची यात्रा भरते. त्याच परिसरांत लाव्हारसाच्या खालचे अधिक प्राचीन थर उघडे पडले असून त्यांत डायनासोरांचीं हाडें आणि अंडीं सांपडलीं आहेत. यात्रेकरू ज्या वाटेनें महादेवाला जातो, त्या वाटेच्या आसपास एके काळीं हे प्राणी अंडीं घालीत होते, हें त्याला कोणीं सांगितलें, तर त्याची भक्ति कांहीं उणी होणार नाहीं.

दगडाचा अभ्यास म्हणजे निरुद्योगी माणसाचा छंद, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं गाविलगडाचा इतिहास या दृष्टीनें पाहावा. १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं हा गड घेतला, तेव्हां आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूस होता. तिकडे उभे कडे. त्या पायऱ्या चढून गड घेणें कठीण. उत्तरेस मात्र लाव्हारसाचें सपाट पठार गडाला लागून आहे. म्हणून कर्नल स्टीव्हन्सन यानें डोंगराळ मुलखांतून वाट करीत तोफा ओढून उत्तरेकडील लबाड्याच्या बाजूस नेल्या, तट फोडला, आणि १५ डिसेंबरास गड पडला. दोनच दिवसांनीं देवगांवच्या तहावर भोसल्यांची सही झाली. आमच्या इतिहासाच्या तासाला आम्हीं ही तारीख घोकली होती. गडाची एक बाजू उभी आणि दुसरी सपाट कां, हें मात्र इतिहासाच्या तासालाहि कोणीं सांगितलें नाहीं आणि भूगोलाच्या तासालाहि नाहीं.

त्या दिवशीं प्राध्यापकांनीं मुलांना शेवटीं दक्षिणेच्या कड्यावर नेलें. खालीं वऱ्हाडचें मैदान धुरकट उन्हांत पसरलें होतें. ते म्हणाले, "हा जिना येथें एकाएकी तुटला कां? पुढच्या पायऱ्या कोठें गेल्या?" मुलें गप्प राहिलीं. मग त्यांनीं सांगितलें तें असें. डोंगराच्या पायथ्याशीं भूकवचाला एक लांबलचक भेग आहे. तिला गाविलगडचा भ्रंश म्हणतात. तिच्या उत्तरेचा भाग वर उचलला गेला, दक्षिणेचा खचला. वर जे थर आपण पायऱ्या म्हणून पाहतों, तसलेच थर खालीं मैदानाच्या पोटांत आहेत. पण त्यांवर डोंगरांतून वाहून आलेला गाळ युगानुयुगें सांचत गेला. कांहीं ठिकाणीं त्याची जाडी ३०० मीटरांहून अधिक आहे. डोंगराच्या अगदीं लगत मोठे गोटे व वाळू पडली, म्हणून परतवाडा-अंजनगांवच्या बाजूला पाणी झटकन् मुरतें, गोडें राहतें, आणि तेथें संत्र्याच्या बागा होतात. पुढें पूर्णेकडे गाळ बारीक होत जातो, चिकण होतो. मोठ्या बशीसारखा तो सखल प्रदेश. पाण्याचा निचरा मंद, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. पाणी वाफ होऊन उडून जातें, क्षार मागें राहतात. असें हजारों वर्षें चाललें आहे. तेथें विहीर अधिक खोल नेली म्हणून पाणी गोड होत नाहीं.

हें शेवटचें वाक्य त्यांनीं सहज उच्चारलें. त्यांना आमचे काका माहीत असण्याचें कारण नव्हतें. आम्हांस मात्र पाय गळल्यासारखें झालें. ज्या कड्यावर उभे राहून काका आम्हांस कीचकाची गोष्ट सांगत, त्या कड्यावरून त्यांच्या विहिरीचें उत्तर दिसत होतें. दरसाल ते त्या उत्तराकडे पाठ करून दरीकडे पाहत उभे राहत, आणि आम्ही त्यांच्या धोतराला धरून उभे असूं. तें उत्तर सांगणारा कोणी तेथें असता, किंवा निदान चार ओळींचा फलक असता, तर ते चार परस वांचले असते, कदाचित् शेताचा तो तुकडाहि वांचला असता. काका अडाणी नव्हते. खड्डा एवढा मोठा कसा, हा प्रश्न त्यांनीं विचारला होताच. उत्तर मात्र त्यांच्यापर्यंत कोणीं पोंचविलें नव्हतें.

पाण्याच्या या कहाणीला दुसरीहि बाजू आहे. चिखलदऱ्यावर पावसाळ्यांत पाऊस कोसळतो. तरीहि मेळघाटांतल्या गांवांतून उन्हाळ्यांत पाण्यासाठीं वणवण करावी लागते. वरचा घट्ट दगड पाणी धरून ठेवीत नाहीं. भेगांतून जें मुरतें तें खालच्या अभेद्य थरापर्यंत जाऊन कड्याच्या बाजूला पाझरतें. देवी पॉइंटला दगडाच्या छतांतून देवीवर पाणी ठिबकतांना भाविक हात जोडतो. त्यानें हात अवश्य जोडावेत. आणि जोडलेल्या हातांनींच डोंगराच्या डोक्यावरचें झाड तोडूं नये, म्हणजे तो ठिबका चालू राहील. वर गोडें पाणी आहे, पण तें राहत नाहीं. खालीं राहतें, पण तें गोडें नाहीं. या दोहोंची गांठ घालावी म्हणून डोंगरांतल्या शहानूर नदीवर धरण बांधलें, आणि त्याचें पाणी नळानें दर्यापुराकडील खाऱ्या गांवांना मिळूं लागलें. आमच्या गांवीं आतां पाहुण्याला पाणी देतांना कोणी हात आंखडता घेत नाहीं. समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या आमच्या या मुलखांत १९३० सालीं अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा येथें विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला होता, हें वाचतांना आम्हांस पूर्वीं केवळ अभिमान वाटे. आतां त्या मिठाची उत्पत्तिहि समजते, आणि अभिमान कमी झालेला नाहीं.

कोणी म्हणेल, पुराणांतल्या रम्य कथा पुसून तेथें दगडधोंडे मांडण्यांत काय मिळवाल? कथा पुसाव्यात असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आमच्या वऱ्हाडांतलें दुसरें नवल जें लोणार, तेथेंहि अशीच कथा आहे. लवणासुर जमिनीच्या पोटांत लपला होता. विष्णूनें त्याला मारलें. तें विवर आणि तें खारें पाणी त्याच्यामुळें झालें. म्हणूनच तेथें दैत्यसूदनाचें देऊळ आहे. योगायोग असा कीं, ज्या १८२३ सालीं रॉबिन्सन चिखलदऱ्यास पोंचला, त्याच सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें लोणारची नोंद केली. पुढें शास्त्रज्ञांत दीर्घ काळ वाद चालला. अखेर १९७३ सालीं तेथल्या दगडांतल्या खनिजांवर प्रचंड आघाताच्या खुणा दाखवून दिल्या गेल्या, आणि सुमारें १८०० मीटर व्यासाचें तें विवर आकाशांतून आलेल्या अशनीनें पडलें हें सिद्ध झालें. कांहीं तरी भयंकर वरून आलें आणि येथें आदळलें, हें लोकांनीं आधींच ओळखलें होतें. शास्त्रानें त्याचें नांवगांव सांगितलें. उत्तर आयर्लंडांत समुद्रकांठीं आमच्यासारख्याच काळ्या दगडाचे हजारों षट्कोनी खांब उभे आहेत. फिन नांवाच्या राक्षसानें स्कॉटलंडला जाण्यासाठीं तो सेतु बांधला, असें तेथले लोक सांगत आले. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशाला राक्षसाचीहि गोष्ट सांगतात आणि लाव्हारस निवतांना आकसून कसा तडकतो तेंहि दाखवितात. दोन्ही ऐकून तो घरीं जातो, आणि दोन्ही त्याच्या लक्षांत राहतात.

मग हें आमच्याकडे कां होऊं नये? यूनेस्कोनें २०१५ सालीं भू-उद्यानांची जागतिक योजना मान्य केली. भूमीचा वारसा राखावा, लोकांना तो समजवावा आणि त्यांतून स्थानिक माणसाला चार पैसे मिळावेत, हा तिचा हेतु. लोणारास १९७९ पासून राष्ट्रीय भूस्मारकाचा मान आहे. २०२५ सालीं पांचगणी-महाबळेश्वरचे हेच आमचे काळे थर जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेले. हे मान चांगलेच. पण आम्हांस हवें तें याहून साधें आहे. मेळघाट हें देशांतल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. तेथें नवे रस्ते नि नव्या इमारती नकोतच. गाविलगडाच्या वाटेवर, भीमकुंडापाशीं, देवी पॉइंटवर शुद्ध मराठींत चार चार ओळींचे फलक असावेत. वाट दाखविणाऱ्या कोरकू व गवळी तरुणांना हें ज्ञान द्यावें. डोंगराशीं त्यांचा परिचय आमच्याहून कितीतरी जुना आहे, आणि शिकवितां शिकवितां शिकविणाराच त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकून येईल. शाळेची सहल पंचबोलावर जाते तेव्हां गुरुजींनीं मुलांना एक आरोळी कमी मारावयास सांगून, ती परत येण्यास किती वेळ लागला तें मोजावयास लावावें. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. समोरचा कडा किती दूर आहे, हें पाठीवरचें दप्तर न उघडतां कळेल. आणि प्राध्यापकांचें तें वाक्य प्रत्येक फलकाच्या खालीं लिहावें. उभा दगड नुसता पाहावा. स्फटिकांच्या लोभानें कडे फोडले, तर पुढच्या मुलाला वाचावयाला पानच राहणार नाहीं.

गेल्या वर्षीं आम्हीं काकांच्या नातीला चिखलदऱ्यास नेलें. ती दहा वर्षांची आहे. भीमकुंडाच्या कांठावर आम्हीं तिला कीचकाची गोष्ट सांगितली. काकांसारखी साधली नाहीं, पण सांगितली. मग पायऱ्या मोजावयास लावल्या. तिनें सहा मोजल्या, आम्हीं पांच. तिचेंच बरोबर निघालें. परततांना गांवीं उतरलों. शेतांतली ती विहीर अजून आहे. कोणी वापरीत नाहीं, कठड्यावर गवत माजलें आहे. मुलीनें दोर सोडून थोडें पाणी काढलें, जिभेवर घेतलें आणि थुंकून टाकलें. मग ती आंत वांकून बराच वेळ पाहत राहिली.

"याच्या खालीं सुद्धां पायऱ्या आहेत ना?" तिनें विचारलें.

"आहेत. फार खोल."

"आजोबांना ठाऊक होतें?"

आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. तिनें दोर गुंडाळून ठेवला. गाडीपर्यंत जातांना ती उत्तरेकडे निळ्या दिसणाऱ्या डोंगराकडे पुन्हां पुन्हां वळून पाहत होती.